उन्हात उघडलेले अकरा रोल

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आधी उलटं पाहिलं.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. अमरावतीला ट्रेनिंग पुरं करून मी घाटंजीच्या मुलींच्या शाळेत लागले होते. वय एकवीस, एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. शाळेतल्या शिपायानं सांगितलं, "जिनच्या मांगं फोटूवाल्या काकाचं घर हाये. सोबत बहीण राह्यते त्याची. तिथं पाहा." मी गेले तर ओसरीवर तिपाईला लावलेला लाकडी कॅमेरा, चांगला धान्याच्या पायलीएवढा. त्याच्या मागे काळं फडकं, आणि फडक्याखालून धोतर आणि दोन अनवाणी पाय.

"हालू नका," फडक्यातून आवाज आला. "जरासक थांबा तशाच."

मी थांबले. परक्या गावात, परक्या पुरुषानं असं रोखून पाहावं, याचा मला इतका धक्का बसला की पळून जायचंही सुचलं नाही. मिनिटभरानं फडकं बाजूला झालं आणि पन्नाशीतला एक उंच, काटकुळा माणूस बाहेर आला. केसांत आणि भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले.

"बऱ्या दिसता," ते म्हणाले. "या काचेत सारं उलटं दिसते. डोकं खाली, पाय वर. माणूस सुलटा असला का तोंड सांभाळते. उलटा पाह्यला का समजते. राहा तुमी."

आतून त्यांची विधवा बहीण आली. सारी गल्ली तिला आत्या म्हणायची. ती माझा हात धरून म्हणाली, "भेऊ नका बाई. दूधवाल्यालेबी तसाच पाह्यला होता यानं. मंग दूध लावलं."

मी त्या घरात दीड वर्ष राहिले. ज्या तऱ्हेनं ते घर सोडावं लागलं, तो धक्का पहिल्या दिवसापेक्षा फार मोठा होता.

काका कापसाच्या जिनमध्ये फिटर होते. हंगामात सरकी वेगळी करणारे रेचे बिघडले की रात्र की दिवस हे न बघता जायचे, आणि हंगाम संपला की रिकामे. रिकामे म्हणजे कॅमेऱ्यांत. त्यांच्याकडे तेवीस जुने कॅमेरे होते. पितळी नळकांड्याचे, चामड्याच्या भात्याचे, काचेच्या पट्ट्यांवर फोटो घेणारे, नुसत्या काळ्या डब्यासारखे. साहेब लोक देश सोडून गेले, कापसाच्या पेढ्या बंद झाल्या, जुने वकील आणि तहसीलदार वारले, आणि त्यांच्या घरातली अडगळ कबाड्यांच्या गोणपाटावर आली. काका आजूबाजूचे सगळे बाजार फिरून ती वेचायचे. कुठल्याही कॅमेऱ्याला ते कंपनीच्या नावानं ओळखत नसत. मालकावरून ओळखत. "हा तहसीलदाराचा. हा दारव्ह्याच्या वकिलाचा. ही डबी पुसदच्या सावकाराच्या पोराची." कॅमेरा कोणाचा होता हे कबाड्याकडून कळल्याशिवाय ते तो हातात घेत नसत. कबाड्याला माहीत नसलं तर शोधून आणायला लावत.

पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरू नये म्हणून ते कॅमेरे भाजलेल्या तांदळाच्या डब्यांत पुरून ठेवत. आत्या एकदा पाहुणे आले म्हणून घाईनं त्यातलेच तांदूळ घ्यायला गेली आणि हाताला पितळी नळी लागली. "घरात एक दाणा मेला माह्या हक्काचा नाही," असं ती त्या दिवशी चार वेळा म्हणाली. दर रविवारी सकाळी काका सगळे कॅमेरे सतरंजीवर मांडून एकेकाची कळ दाबत. स्प्रिंगा आखडू नयेत म्हणून. खट, चिक, खटाक, प्रत्येकाचा आवाज वेगळा. त्या वेळी गल्लीतली पोरं ओळीनं समोर उभी राहायची, केस ओले करून, बटणं लावून. काका त्यांच्याकडे तोंड करून कळ दाबायचे आणि पोरं खूश होऊन जायची. फोटो मात्र कोणाला कधी मिळाला नाही. कारण काकांनी आयुष्यात कॅमेऱ्यात फिल्म घातली नव्हती. निदान गावाला तरी तसंच माहीत होतं. अख्खं घाटंजी ज्याला फोटूवाला म्हणत होतं, त्यानं काढलेला एकही फोटो घाटंजीत नव्हता.

एकदा जिनच्या मुनीमजींनी त्यांना मुलीच्या लग्नाला बोलावलं, कॅमेरा घेऊनच. काकांनी तीनदा सांगितलं, "माह्यापाशी फिल्म नाही." मुनीमजींना वाटलं, माणूस भाव खातो; म्हणाले, "या तं खरं, लोकायले हासू द्या." शेवटी काका गेले. मीही होते त्या लग्नात. मांडवात त्यांनी भाता उघडला, काळं फडकं घेतलं, नवरा-नवरी, विहीण, व्याही, सगळ्यांना तासभर उभं केलं, आणि तीसेक वेळा कळ दाबली. पंधरा दिवसांनी मुनीमजी फोटो मागायला आले.

"कोणते फोटू?" काका म्हणाले. "मी तं सांगतलं होतं ना तीन खेपा."

"मंग खटखट कायले करत होते?"

"तुमी म्हटलं, लोकायले हासू द्या. हासले ना लोकं?"

मुनीमजींचा चेहरा असा झाला की मला दारामागे जावं लागलं. तो जावई म्हणे पुढं तीन वर्षं सासुरवाडीला आला नाही. मला त्या वेळी हसूच आलं होतं. काकांच्या विक्षिप्तपणाकडे मी एक गंमत म्हणूनच पाहत होते. ती गंमत संपली तो दिवस वेगळा.

थंडीचे दिवस होते. काकांनी बाजारातून एक घडीचा कॅमेरा आणला होता. मिशनच्या दवाखान्यातली एक मडम कायमची विलायतेला गेली, तिचा. मी ओसरीवर वह्या तपासत होते. काकांनी कॅमेऱ्याची पाठ माझ्याकडे केली. तिथं नखाएवढी लाल काच असते, आतल्या फिल्मवरचा आकडा दिसायला. तिच्यात नऊचा आकडा दिसत होता.

"आत रोल आहे!" मी ओरडलेच. "काका, धुऊन पाहू या ना! तिचे फोटो असतील."

 काका उठून अंगणात भर उन्हात गेले. कॅमेऱ्याची पाठ उघडली, रोल काढला, आणि एका हातात टोक धरून सारीच्या सारी पट्टी सर्रकन उलगडली. फिल्मवर ऊन पडलं की आतलं सगळं कायमचं गेलं, एवढं मलाही कळत होतं. ती राखाडी पट्टी त्यांनी हातभर उंच धरली, दोन्ही बाजूंनी उन्हाला दाखवली, आणि मग चुलीत घातली.

माझ्या हातातली वही खाली पडली. कोणीतरी माझ्यासमोर पाखरू मुरगळलं असतं तर जसं झालं असतं तसं झालं.

"काहून केलं असं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं, इतकी मी भांबावले होते.

"दुसऱ्याचं आतलं आपण पाहू नाही," ते म्हणाले आणि कॅमेऱ्याचा भाता पुसायला लागले.

कारण मला आत्यानं सांगितलं, दोन दिवसांनी, ज्वारी निवडता निवडता. काका विशी-बाविशीत अकोल्याच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होते. लोकांचे रोल धुणं हे त्यांचं काम. एकदा एका घरचा रोल आला. त्यात त्या घरच्या मुलीचा एक फोटो होता, बागेतला, कोणा मुलासोबत हसतानाचा. एवढंच. काकांनी गमतीनं त्याची एक जास्तीची प्रत काढली आणि मित्राला दाखवली. मित्रानं आणखी कोणाला दाखवली. आठ दिवसांत त्या मुलीचं शिक्षण बंद झालं आणि पन्नाशीच्या बिजवराशी लग्न लावून तिला पार खानदेशात धाडलं.

"हा टेशनवर गेलता पाह्यले," आत्या म्हणाली. "तिनं खिडकीतून याच्याइकडं पाह्यलं म्हणते. वळखत नव्हती ते याले. तरी पाह्यलं. तवापासून यानं त्या कामाले हात नाही लावला. कॅमेरे मातर सुटले नाही. लगनबी नाही केलं."

मला त्यांचं वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर पटलं नाही. एका फोटोनं एकीचं वाटोळं झालं म्हणून दुसऱ्यांचे फोटो जाळायचे? मी लहान होते, शिकलेली होते, आणि माझं बरोबर आहे याबद्दल मला त्या वयात कधी शंका येत नसे.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी एका बाजाराच्या दिवशी काका एक काळा, चपटा, जवळजवळ नवाच कॅमेरा घेऊन आले. वणीकडच्या कोळशाच्या खाणीवरचा एक सर्व्हेअर तापानं वारला होता, त्याचा. कॅमेरा नीट बघायच्या आतच जिनमधून माणूस धावत आला, रेचा अडकला होता. काकांनी कॅमेरा माझ्या हातात दिला.

"फळीवर ठेवून द्या बाई. उद्या पाहू."

माझ्या हातात दिला, हे मी मुद्दाम सांगते. मी तो फळीवर ठेवायला गेले आणि पाठ फिरवून पाहिली. लाल काचेत सात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कामावर होते, आत्या विहिरीवर गेली होती. रोल कसा गुंडाळायचा, पाठ कशी उघडायची, हे मला काकांनीच हौसेनं शिकवलं होतं. मी उरलेली फिल्म शेवटपर्यंत गुंडाळली, रोल काढला, त्याची डिंकाची पट्टी जिभेनं ओली करून चिकटवली आणि माझ्या पत्र्याच्या पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवला. दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीच्या स्टुडिओत धुऊन घेणार होते. एक चांगली गोष्ट वाया जाण्यापासून वाचवली, असं मी स्वतःला सांगितलं. त्याखाली नुसतं कुतूहल होतं. मेलेल्या माणसानं काय पाहिलं असेल, हे मला बघायचं होतं.

दुपारी काकांनी कॅमेरा उघडला. "रिकामाच हाये," ते म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं.

त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी, शाळेला सुट्टी होती त्या दिवशी, दारात एक म्हातारा आणि एक बाई येऊन उभे राहिले. बाई माझ्याच वयाची होती. कपाळ मोकळं. कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी.

"फोटूवाल्या काकाचं घर हेच काय?" म्हाताऱ्यानं विचारलं. "चार बाजार फिरून कबाड्याले गाठलं तवा तुमचं नाव भेटलं. हे माही पोरगी. जावई खाणीवर होते. वारले. घरातलं सामान हिच्या देरानं इकून टाकलं, इले न इचारता. त्यात त्यायचा कॅमेरा गेला."

"कॅमेरा पाह्यजे असन तर घेऊन जा," काका लगेच उठले. "मी काही म्हणत नाही."

"कॅमेरा नाही पाह्यजे," ती बाई पहिल्यांदाच बोलली. "आत फोटू हाये. माह्या पोरीचा आन् तिच्या बापाचा. त्यायचा दुसरा फोटूच नाही. ते सगळ्यायचे काढत, त्यायचा कोणी काढलाच नाही. एकच. तो मी काढला होता, ते तापानं पडायच्या आधी."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग फळीवरचा कॅमेरा काढून त्यांनी तिच्यासमोर उघडला.

"माय, आत काहीच नव्हतं. मी उघडला तवा रिकामा होता."

"असं कसं? सातवर होता. ते म्हणे, आता सात आला, अजून एक राह्यला. मी माह्या डोयानं पाह्यलं."

"रिकामा होता. आईची आण घेतो."

ती तशीच उभी राहिली. रडली नाही. तिनं नुसती मुलगी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली. तिचा बाप मटकन ओसरीवर बसला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.  ज्या माणसानं आयुष्यात मला एक खोटा शब्द सांगितला नव्हता तो माझ्यामुळे आईची शपथ घेऊन खोटा ठरत होता, आणि ती बाई त्याच्याकडे तो खोटा असल्यासारखीच बघत होती.

मी आत गेले, पेटी उघडली आणि रोल आणून काकांसमोर धरला.

"मी काढला," मी म्हणाले. "तुम्ही उन्हात धराल म्हणून."

त्या क्षणी काकांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. राग असता तर मी समजले असते. ते माझ्या हातातल्या रोलकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मग ते त्या बाईकडे वळले.

"इनं चोरला म्हणून हाये," ते तिला म्हणाले. आवाज इतका बारीक की म्हाताऱ्यानं पुढं वाकून ऐकलं. "नाहीतर मी जाळला असता. माही रीत हाये तशी. चांगलं करतो असं समजून जाळला असता."



रोल स्टुडिओत पाठवायला त्यांनी नकार दिला. "दुसऱ्याच्या हाती नाही द्याचा." दुपारच्या मोटारीनं स्वतः यवतमाळला गेले आणि दुसऱ्या दिवशी रोल धुवायच्या औषधांच्या पुड्या आणि फोटो छापायचे कागद घेऊन आले. बाप-लेक आमच्याकडेच राहिले होते. मुलगी आत्याच्या मांडीवर खेळत होती. काकांनी कोठाराच्या खोलीच्या साऱ्या फटी गोधड्यांनी बुजवल्या, तीन पराती आत नेल्या आणि दार लावून घेतलं. अंधारात घड्याळ दिसत नाही म्हणून आत्याला बाहेर बसवून साठपर्यंत मोठ्यानं मोजायला सांगितलं. साठ झाले की पुन्हा एकपासून. आत्या मोजत होती, तिच्या मोजण्याच्या तालावर ती पोर टाळ्या पिटत होती, आणि तिची आई दाराकडे तोंड करून बसली होती.

तीसेक वर्षांत त्या माणसानं हे काम केलं नव्हतं. हात चुकला तर? 

तासाभरानं दार किलकिलं झालं आणि आतून हाक आली, "मास्तरीणबाई."

मी आत गेले. कंदिलाच्या उजेडात ओली पट्टी दोरीवर लटकत होती. काकांनी तिच्याखाली बोट ठेवलं. निगेटिव्हवर काळ्याचं पांढरं होतं, मला आधी काही उमगेना. मग उमगलं. खुर्चीवर बसलेला एक पुरुष. मांडीवर बाळ. पुरुषाचे दोन्ही हात बाळाच्या पोटाभोवती. सदऱ्याची बटणं स्वच्छ दिसत होती. आणि गळ्याच्या वर काहीच नव्हतं. फोटो तिथंच संपला होता.

"डोकं कापलं तिनं," काका कुजबुजले. "पह्यल्यांदाच हातात धरला असन. खाली झुकला कॅमेरा."  "आता काय करावं बाई? रोल खराब निघाला म्हणून सांगू?"

ते मला विचारत होते. मला, चोराला. 

त्यांनीच ठरवलं. पट्टी वाळल्यावर, खाणीचे सोडून, घरचे दोन फोटो कागदावर छापले आणि बाहेर आणून तिच्या हातात दिले. "माय, जसं हाये तसं देतो," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तिनं पाहिलं. म्हाताऱ्यानं तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि "अरे देवा" म्हणून तोंडावर हात घेतला. 

"ते म्हणत होते, सरळ धर, सरळ धर," ती म्हणाली. "मी हासत होतो. म्हणून हाललं." मग तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "हा आंगठा पाहा बाबा. नख काळं. हातोडा लागला होता तवाचं." आणि त्या काळ्या नखावर स्वतःचा अंगठा ठेवून ती इतका वेळ बसली की शेवटी आत्यानं पाण्याचा गडवा तिच्या ओठाला लावला.

दुसरा फोटो तिचाच होता. चुलीपुढे बसून फुंकणी बाजूला करत, धुरानं डोळे बारीक करून, कोणाकडे तरी वळून बघतानाचा. तिनं तो पाहिला आणि दचकून पदर तोंडावर ओढला.

"हा कवा काढला त्यायनं? मले तर सांगतलंच नाही."

निघताना म्हातारा म्हणाला, "पोरी, बिनडोक्याचा फोटू घरात ठेवत नाही. तुहाच तेवढा ने."

"दोन्ही नेतो," ती म्हणाली. तिनं काकांना वाकून नमस्कार केला. मग माझ्याजवळ आली आणि नमस्कार न करता नुसता माझा हात दाबला. तिला काय म्हणायचं होतं ते मला आजही नक्की माहीत नाही.

त्यांची बैलगाडी वळली आणि काका माझ्याकडे वळले.

"बाई, खोली खाली करा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"काका, रोल वाचला ना पण..."

"वाचला. माह्या हातून पाप होता होता राह्यलं, ते तुमच्यानं. मी मरेपर्यंत मानीन. पण मी तुमच्या हाती देल्ला होता कॅमेरा. तुमी त्या बाईसाठी नाही काढला रोल, तुमाले ठावं कुठं होतं? तुमी पाह्यासाठी काढला."

आत्या त्यांच्यावर ओरडली, माझ्यासाठी रडली. पण काका म्हणाले ते खरं होतं. संध्याकाळच्या आत मी सामान बांधलं. पेटी काकांनीच डोक्यावर घेतली आणि बाजारपेठेतल्या नव्या खोलीपर्यंत पोचवली. पेटी खाली ठेवून ते तिथंच उभे राहिले.

"अकरा," ते म्हणाले.

"काय अकरा?"

"तेवीस कॅमेऱ्यातून अकरामंदी रोल होते. अकरा मी उन्हात धरले. एकेक मले ध्यानात हाये." माझ्याकडे बघत नव्हते ते. "त्यात कोणाचं काय होतं, बाई?"

मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली. आपण चांगलं करतो म्हणून इतकी वर्षं केलेली गोष्ट एका दुपारीत अशी उलटलेली माणसाला दिसावी, आणि त्यानं पेटी वाहून आणत ती वाटेत मोजावी.

नंतर रस्त्यात दिसले तर मान हलवायचे, एवढंच. आत्या मधूनमधून वांग्याची भाजी पाठवायची, आणि शाळेतल्या एखाद्या पोरीबरोबर निरोप, की काका आजकाल कॅमेरे आणत नाहीत. रविवारची खटखटही बंद झाली. पुढं माझं लग्न झालं, आर्णीच्या शाळेत बदली झाली. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. एक दिवस मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी काका उभे. केस पांढरे झालेले. काखेत धोतराच्या फाळक्यात बांधलेली एक वस्तू.

"इथं एक ओव्हरसिअर राह्यते, पेन्शनीत निघालेला," ते नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले. "त्याचं घर दाखवा बाई."

चालता चालता त्यांनी सांगितलं. गेली तीन वर्षं ते कॅमेऱ्यांचे मालक नाहीतर त्यांचे वारस शोधत होते. अकरांतले चार सापडले होते, पाचव्याचा पत्ता राळेगावचा लागला होता. प्रत्येकाच्या घरी जायचं, कॅमेरा समोर ठेवायचा आणि सांगायचं, तुमचा रोल यात होता, तो मी नासवला.

"आणि लोक काय म्हणतात?"

"एक बाई लय रडली. एकानं पाणी देल्लं, बोलला काही नाही. पुसदच्या सावकारानं कानफटात मारली. पोरगं त्याचं मेलं होतं ना, त्याची डबी होती ते. चार दिवस कानात शिट्टी वाजत होती." ते हे इतक्या शांतपणे सांगत होते की मी रस्त्यात थांबले. "बरं वाटलं," ते म्हणाले. "चला."

ओव्हरसिअर गोल, हसतमुख गृहस्थ होते. झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. काकांनी फाळकं सोडलं, कॅमेरा त्यांच्यापुढे ठेवला, हात जोडले आणि सांगितलं.

"रोल?" ओव्हरसिअर हसले. "असेल बुवा. पुलाचे फोटो असतील, नाहीतर बकरीचे. अहो, हा कॅमेरा माझा होता हेच मला आता आठवत नाही. बसा, चहा घ्या."

काका बसले नाहीत. सावकाराच्या थपडेबद्दल सांगताना न बदललेला त्यांचा चेहरा आता पार पडला.

"आठवून पाहा," ते म्हणाले.

"नाही हो आठवत. जाऊ द्या ना."

"बारापैकी पाच काढले होते तुमी. चार महिने पडला होता कबाड्यापाशी. चैत्र होता. ऊन कडक होतं. मी पट्टी पुरी उलगडली, दोन्हीकून दाखवली. घरातलं कोणी असन त्यात. आई असन तुमची."

"आई तर मी लहान असतानाच गेली."

"मंग बायको असन. आठवा."

मी त्यांचा सदरा धरून ओढत होते. ते हलले नाहीत. ओव्हरसिअरांचं हसू कमी होत होत गेलं. काका त्यांना सोडेनात. कोणतं साल, तेव्हा कुठं होता, सोबत कोण राहत होतं, घरात कोण आजारी होतं. असं पाव तास चाललं असेल. शेवटी ओव्हरसिअर झोपाळ्यावरून ताडकन उठले. 

"धाकटा होता!" ते ओरडले. "धाकटा भाऊ होता माझ्याकडे तेव्हा! झालं समाधान? कोण तू? माझ्या घरात येऊन हे उकरणारा तू कोण? चालता हो! तो डबा घे आणि चालता हो!"

आतून सून धावत आली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्याच गावात मला रोज वावरायचं होतं. काकांनी खाली वाकून ओव्हरसिअरांच्या पायाला हात लावला, कॅमेरा तिथंच झोपाळ्यापाशी राहू दिला आणि पायऱ्या उतरले. मी मागे वळून पाहिलं. ओव्हरसिअर झोपाळ्याची कडी धरून उभे होते आणि कॅमेऱ्याकडे बघत होते.

मी काकांच्या मागोमाग मोटारस्टँडपर्यंत गेले.  तिथल्या हॉटेलात ते बाकावर बसले, दोन चहा सांगितले आणि आपला बशीत ओतून फुंकर मारून पिऊ लागले.

"काका, ते माणूस सुखात होतं," मी शेवटी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. बशी रिकामी करून त्यांनी मिशा पुसल्या. "राळेगावची मोटार किती वाजता हाये, बाई?"